साक्षीला कोल्हा

११ जाने., रविवार

डोकं फिरलंय.

सकाळी दोह्यातल्या वेस्ट बेच्या ऑफिसातून निखिल साहेबाचा फोन. (यापुढे नि. एवढंच लिहिणार. पूर्ण नावाला शाई कशाला घालवू.) नाशिकचा पोरगा, तिशीतला. मालकाच्या या मजऱ्याचा, म्हणजे शेताचा, कारभार तो विसाव्या मजल्यावरून बघतो. शेतावर महिन्यातून एकदा येतो, तेही बूट मळतील म्हणून गाडीतून उतरत नाही. म्हणाला, "इक्बालभाई, हमीद यांना घरी पाठवायचं ठरलंय. पंचवीस तारखेचं तिकीट. पोलिसात देत नाही आहोत, एवढं सांगा त्यांना."

उपकार केलेस बाबा.

हमीदचाचा दापोलीकडचा, साठीला टेकलेला, या मजऱ्यावर बावीस वर्षं. मालकाच्या पोरांसाठी आणलेल्या, पायांवर पिसं असलेल्या शोभेच्या कोंबड्या तोच सांभाळतो. दीड महिन्यात सात गायब. कुलूप शाबूत, जाळी शाबूत, रक्ताचा थेंब नाही. चावी एकट्या चाचाकडे, म्हणजे चाचा चोर. झाला हिशोब.

आणि चावीचं नि.ला कळवलं कोणी? मी. गेल्या शुक्रवारी. गुरुवारी चाचाने सगळ्या लेबरसमोर माझी लाज काढली होती, पाण्याचा वॉल्व उघडा राहिला म्हणून. "फोरमन झालास म्हंजे अक्कल आली असं नाय, इक्बाल." सगळे दात काढत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी घरी बसून, चाचाचाच फोन आल्यावर, ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं: अजून दोन कोंबड्या कमी, चावी फक्त हमीदकडे असते. खोटं एक अक्षर नाही. पण कशासाठी टाकलं ते मला माहीत आहे.

चाचा ग्रुपवर नाही. त्याचा बटणांचा फोन.

१२ जाने., सोम.

चाचाला सांगितलं. नि.ने ते कामही माझ्याच गळ्यात टाकलं. चाचा पाण्याचं भांडं घासत होता, घासतच राहिला. मग म्हणाला, "जायचं तर जाईन रं. पण चोर म्हणून? मशिदीत कुठल्या तोंडानं उभा राहू?" त्याच्या गावात खबर त्याच्या आधी पोचेल. सगळ्या घरांतून कोणी ना कोणी इथे आहे.

मी नजर दुसरीकडे केली.

दुपारी खुराड्याभोवती गुडघ्यांवर फिरलो. मागच्या कोपऱ्यात, सांडपाण्याचा पाइप भिंतीखालून बाहेर जातो तिथलं झाकण तुटलेलं. पाइप हातभर रुंद. तोंडाशी ओल्या मातीत पंजे, लहान, नखांसकट. कोल्हा. शंभर टक्के कोल्हा. फोटो पाठवला. नि.चं उत्तर: "कुत्रा असेल. कतारमध्ये कोल्हे असतात का?"

अरे, तू एसीतून बाहेर ये, मग कळेल काय काय असतं.

फोन केला तर म्हणतो, मालकांना ठोस काहीतरी दाखवावं लागेल. कॅमेरा आहे, पण तो गेटवर, मालकाच्या मजलिसकडे, पाहुण्यांच्या बैठकीकडे, तोंड करून. म्हटलं, कोल्हा समोर आणून उभा केला तर? हसला. "आणा. मी स्वतः येतो बघायला."

बोलून बसलो. पाइप उघडाच ठेवलाय. कोंबड्या आजपासून रात्री स्टोअरमध्ये.

१३ जाने., मंगळ.

अब्बा बोलवायचे कोल्ह्यांना. श्रीवर्धनला कलिंगडाच्या मळ्यात, फळं नासतात म्हणून. हाताच्या मागे ओठ दाबायचे आणि हवा आत ओढायची. सशाचं पिल्लू कुणीतरी धरलंय असा कळवळा निघायचा. पाच-दहा मिनिटांत कोल्हा बांधावर हजर. मग अब्बा डबा वाजवून त्याला असा पळवायचे की आठवडाभर फिरकायचा नाही.

आज अंधार पडायच्या आधी खजुरीच्या रांगेत बसून करून पाहिलं. माझ्या हातातून पादल्यासारखा आवाज. दुसऱ्यांदा त्याहून वाईट. मागून चाचा, "पोटात काय बिघडलंय काय?"

त्याच्यासाठी बसलोय आणि हा मला हसतो. पण बरं वाटलं. कालपासून पहिल्यांदा हसला.

बंदूकबिंदूक नकोच. इथे परवान्याशिवाय शिकार म्हणजे सरळ आत. आवाजाचं मशीन लावायलाही बंदी आहे म्हणे. मला मारायचा नाहीच, दाखवायचाय.

१६ जाने., शुक्र., मुंतझा

दोह्यात, घरी. काल नेहमीप्रमाणे मासे साफ करून आणले. बायकोने, नसीमने, सुरमई तळली, पण माझं लक्ष नाही म्हणून चिडली. "सहा दिवस तिकडे, सातव्या दिवशी इथे बसून हात चोखतोयस." खरंच चोखत होतो. प्रॅक्टिस.

सना मोबाइल घेऊन आली. नववीत आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "बाबा, धिस इज सो ग्रॉस." पण शोधून तिनेच दिलं. अमेरिकेतला एक टोपीवाला, नवशिक्यांना कोल्ह्याच्या भावाला, कायोटीला, बोलवायला शिकवतो. सनाने थांबवून थांबवून समजावलं. वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नाही. सूर्य मागे. बसल्यावर खाज आली तरी हलायचं नाही. आवाज आधी बारीक, मग वाढवायचा, मग गप्प. वीस मिनिटं द्यायची. नाही आला तर उठून दुसरीकडे.

अब्बांना हे सगळं कोणी शिकवलं होतं? ते बिडी ओढत बसायचे आणि तरी यायचा.

चाचाचा फोन. सकाळी स्टोअरच्या दारावर नखांचे ओरखडे. नि.ला कळवलं. "कुत्रा." माणूस आहे का रेकॉर्ड लावलेली आहे.

१८ जाने., रवि.

पहाटे फजरच्या नमाजानंतर बसलो. वारा उत्तरेचा, तोंडावर घेतला. आवाज आता बराच जमतो, शेजारच्या मजऱ्यातली बकरी उत्तर देत होती. चौदाव्या मिनिटाला झुडपात हाललं. निघालं कुत्रं. शेपूट हलवत माझ्याजवळ येऊन बसलं.

नि.चा मेसेज: "काही प्रगती?" वर अंगठा. मोबाइल वाळूत फेकून दिला, मग स्वतःच जाऊन उचलला.

१९ जाने., सोम.

सकाळी पूर्वेच्या कुंपणाला, काही नाही. संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे, एक मांजर. हाताच्या मागची कातडी सोलवटलीय, नमाजाआधी वजूला हातपाय धुताना झोंबते. टोपीवाला शहाणा म्हणतो, धीर हेच खरं हत्यार. त्याचं काय जातंय. त्याच्या चाचाचं तिकीट निघालेलं नाही.

चाचाने ट्रंक बाहेर काढून झटकली. म्हणाला, "राहू दे रं इक्बाल. तू लई केलंस." असं बोलला की माझं डोकं जास्तच फिरतं. ओरडलो त्याच्यावर, मी सांगेपर्यंत ट्रंकेला हात लावायचा नाही. तो बघत राहिला. त्याला वाटलं मायेने ओरडतोय.

२० जाने., मंगळ.

लिहायलाच नको वाटतंय. तरी लिहितो.

चाचाची कोंबड्यांची वही मागून घेतली. अक्षर वेडंवाकडं पण तारीख कधी चुकवत नाही. कोणत्या सकाळी किती कमी झाल्या ते पाहिलं. एक, दोन, एक, एक, दोन. सगळे शुक्रवार. एकसुद्धा दुसरा वार नाही. स्टोअरच्या दारावरचे ओरखडेही शुक्रवारचेच.

चाचाला विचारलं, गुरुवारी वेगळं काय असतं? त्याने सहज सांगितलं, "तुझे मासे."

नोव्हेंबरच्या शेवटी मुंतझाच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी वासाची तक्रार केली. तेव्हापासून नसीमची सक्त ताकीद, मासा घरात साफ होऊनच आला पाहिजे. म्हणून गुरुवारी दुपारी अल खोरच्या बंदरावरून सुरमई नाहीतर बांगडे घ्यायचे, खुराड्यामागच्या नळावर बसून साफ करायचे, पिशवीत भरून दोह्याला निघायचं. डोकी, आतडी, खवले तिथेच, पाइपाच्या तोंडाशी. मांजरं खातील म्हणून. आमच्याकडे कोकणात परसात असंच करतात, कोणी विचारसुद्धा करत नाही.

म्हणजे दीड महिना दर गुरुवारी मीच त्याला जेवायला बोलावतोय. आधी मासे, मग शेजारीच कोंबडी. आणि वर मीच तोंड वर करून ग्रुपवर लिहिलं की चावी हमीदकडे.

थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

२१ जाने., बुध.

दिवसभर मनात तेच. उद्या मासे टाकले की कोल्हा येणार, खात्री आहे. नि.ने पाहिलं की चाचा सुटला. पण तो पुढचा प्रश्न विचारणारच, मासे कोणाचे. मग मी. माझं काम गेलं तर सनाची शाळा मधेच सुटते. दोघींचे व्हिसाचे कागद माझ्या नावावर, घर माझ्या नावावर. नसीमला सांगितलं नाही.

एक क्षण असंही वाटलं की फोन करूच नये. चाचाचं वय झालंय, आज ना उद्या त्याला जायचंच आहे. असं वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. मग लाज वाटली.

नि.ला फोन लावला. उद्या साडेचारला या. काळे बूट घालू नका. म्हणाला, "मीटिंग आहे, बघतो, इन्शाल्ला." म्हटलं, इन्शाल्ला नाही, या. आजवर त्याच्याशी एवढ्या चढ्या आवाजात बोललो नव्हतो. म्हणाला, येतो.

२२ जाने., गुरु.

आला कोल्हा.

तीन वाजता बांगडे साफ केले, डोकी पाइपाच्या तोंडाशी. नि. चार चाळीसला आला, काळे बूट घालूनच. त्याला टाकीच्या आडोशाला पालथ्या क्रेटवर बसवला, मोबाइल सायलेंट करायला लावला. वारा तोंडावर. चाचा आमच्या मागे भिंतीला टेकून.

हाताला ओठ लावले. बारीक, थांबून, पुन्हा. दहा मिनिटं काहीच नाही. नि. चुळबुळायला लागला, त्याच्या मांडीवर हात दाबून धरला. मग खजुरीच्या बुंध्यामागून दोन कान आले. कान केवढे, अंग आपल्या कोल्ह्याच्या निम्मं, रंग वाळूचा. सरळ पाइपाशी गेला, माशाचं डोकं उचललं, चावलं, गिळलं. मग पाइपात शिरला आणि आतल्या बाजूने खुराड्यात बाहेर आला. जाळीतून आम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. रिकामं खुराडं हुंगत फिरला. मी पुन्हा आवाज काढला तसा तो थबकला आणि त्याने थेट माझ्याकडे बघितलं.

नि. पुटपुटला, "आई शप्पथ." सगळं शूट केलं. चेहरा पोरासारखा झाला होता. मला आवडला असता तो, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

कोल्हा गेल्यावर तो उठला, पँट झटकली, पाइपाशी गेला. बुटाने एक डोकं उलटं केलं. "हे मासे कोण टाकतं इथे?"

माझा हात अजून तोंडाशीच होता. बोलणारच होतो. खरंच बोलणार होतो.

मागून चाचा म्हणाला, "मी टाकतो साहेब. मांजरांना."

नि.ने मान हलवली आणि गाडीकडे गेला. मी चाचाचा दंड धरला, हे काय केलंस म्हणून. तर म्हणतो, "तुझी पोरगी शाळेत हाय. माझं काय रं."

घरी यायला नऊ वाजले. नसीमने विचारलं, मासे कुठायत. मजऱ्यावरच राहिले. बरं झालं.

२३ जाने., शुक्र.

नि.चा फोन, आवाज गोड. "अभिनंदन इक्बालभाई, व्हिडिओ मालकांना फार आवडला. चोरीचा विषय खलास." मग म्हणे, पण निष्काळजीपणा झालाच ना. सात पक्षी. मालकांना एक नाव तर द्यावं लागतं. हमीद यांना तसंही आराम हवाच. सन्मानाने पाठवू, सर्टिफिकेट देऊ.

आणि हो, मालकांचे पाहुणे येणार आहेत, त्यांना पण कोल्हा बोलवून दाखवाल का?

फोन कापला. जुम्म्याच्या नमाजाला गेलो, एक शब्द कानात शिरला नाही. सना विचारत होती, "डिड इट वर्क, बाबा?" हो म्हटलं.

२४ जाने., शनि., मजरा

पाइपाला सिमेंट लावलं. मीच लावलं, कोणाला हात लावू दिला नाही.

चाचाची ट्रंक भरली. सर्टिफिकेट आलंय, इंग्रजीत. त्याने मला दोनदा वाचायला लावलं, चोरीचा शब्द कुठे नाही ना ते बघायला. नाही म्हटल्यावर घडी करून खिशात ठेवलं. खूश आहे. मला वाटलं होतं रडेल, तर हा लेबरना सांगत सुटलाय, इक्बालने कोल्हा साक्षीला आणला, सख्खा पोरगा करणार नाय एवढं.

दुपारी चहा पिताना म्हणाला, एकच गोष्ट मनात हाय. चावीचं साहेबाला कोणी लावून दिलं ते त्याला माहीत आहे. ऑफिसचा ड्रायव्हर. दुसरं कोण, तोच येतो-जातो. "सगळ्यांना माफ करून चाललोय रं. त्याला नाय केलं."

तो ड्रायव्हर समोरच गाडी पुसत होता. चाचाला हात केला त्याने. चाचाने तोंड फिरवलं.

मी उठून खोलीत आलो. नि.ला मेसेज लिहिलाय. मासे मी टाकत होतो, दीड महिना, दर गुरुवारी. हमीदचाचाने माझ्यासाठी अंगावर घेतलं. त्यांना थांबवा, मला विचारा. तीन ओळी. पाठवायचं बटण दाबायला काही अक्कल लागत नाही.

पण मेसेज गेला तरी, चावीचं ड्रायव्हरने नाही, मी लावून दिलं, हे चाचाला सांगायचं उरतंच. ते मेसेजने होणार नाही, त्याचा बटणांचा फोन. तोंडाने सांगावं लागेल, त्याच्याकडे बघून.

दार वाजतंय. चाचाच आहे, ट्रंकेला दोरी बांधायला माझा हात हवाय म्हणतो. विमान उद्या संध्याकाळी.