अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा पुरुष

आदरणीय दादा,

मेहुण्याचा तुमच्या गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (त्याच्या खाली हल्ली माझी कंबर जात नाही, आणि तुमचा गुडघा नवाकोरा असल्याने तिथवर आलो तरी मान राखल्यासारखंच आहे.) जिना चढता येतो का? काठी सुटली का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार, हे मी इथे बसून सांगू शकतो. पण तुमची धाकटी बहीण तिथे शुश्रूषेला आहे, तेव्हा करावेच लागत असतील. ती अजून किती दिवस राहणार, असं मी विचारत नाही. एकोणीस दिवस झाले हेही मी मुद्दाम मोजलेलं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला असे आकडे आपोआप कळतात. हे पत्र त्यासाठी नाहीच, हे आधी स्पष्ट करतो.

पत्र मात्र बसून वाचा. काठी टेकून उभ्याने तर अजिबात वाचू नका. मला ही बातमी परवा चांगल्या हात असलेल्या खुर्चीत बसलेलो असताना कळली आणि तरीसुद्धा मी अर्धा खाली घसरलो होतो. आज तिसरा दिवस. काल एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे दोन्ही काटे मी उलटसुलट बसवले आणि त्याने दाखवून दिल्यावर त्यालाच म्हणालो की आता कशाचाच भरवसा राहिलेला नाही. तो घड्याळ घेऊन निघून गेला.

आता मूळ गोष्ट. तुम्ही बोटीवर स्वयंपाकी होतात, तेव्हा कुठल्याशा बंदरातल्या भंगारवाल्याकडून तीन जुन्या ब्लूजच्या रेकॉर्डी शर्टांत गुंडाळून आणल्यात आणि आमच्या लग्नात भेट दिल्यात. (बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं दिली. घड्याळजीला घड्याळ देणारी माणसं जगात असतात, आणि ती सगळी आमच्या नात्यात आहेत.) लेबलावर गाणाऱ्याची दोन आद्याक्षरं आणि ‘गिटारसह’ एवढंच. तो जाड, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा आवाज ऐकून तुम्ही त्याचं नाव ठेवलंत ‘खर्जबुवा’. हा नक्की खाणीत दगड फोडणारा, बायको तरुणपणी गेली असणार, असंही तुम्हीच सांगितलंत. आणि पहिल्या रेकॉर्डच्या शेवटी, गिटार थांबल्यावर, तो जो लांबलचक हुंदका येतो, त्या हुंदक्याला आपण दोघं एकमेकांकडे न बघता रडलो होतो. तुम्ही नाकारणार असाल तर सांगतो, रुमाल माझा होता आणि तो तुमच्याकडेच राहिला.

एकतीस वर्षं मी खर्जबुवांची सेवा केली. रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी फिरवावी असं लेबलावर छापलेलं आहे, तेव्हा मी ती अठ्ठ्याहत्तरच फेऱ्यांनी फिरवली. इतरांसारखं अंदाजपंचे नाही. तबकडीच्या कडेला खडूची खूण करून, स्टॉपवॉच हातात धरून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजून. सत्त्याहत्तर नाही आणि एकोणऐंशी नाही. गावात एवढं अचूक चाक दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, हे मी आजही छाती ठोकून सांगेन. (हे पुढे लक्षात असू द्या, कारण माझी सगळी फजिती या अचूकपणातून निघालेली आहे.)

तुमच्या बहिणीचं मत पहिल्यापासून वेगळं. लग्नाला महिना झाला नसेल, ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली की हे सावकाश लागलंय आणि गाणारी बाई आहे. आता दादा, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती हे मला माहीत होतं. दिवसाला शेकडो आवाज कानावर पडायचे, एकाचंही तोंड दिसायचं नाही. नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडचा माणूस जेवलाय की नाही हे ती ओळखायची. पण मी घड्याळजी. मला कोणी वेग शिकवावा? मी तिला स्टॉपवॉच दाखवलं. ती म्हणाली, घड्याळ बरोबर असेल, बाईसुद्धा बरोबर आहे. मग वर्षातून एकदोनदा हा विषय निघायचा, मी हसायचो, आणि त्या शेवटच्या हुंदक्याला ती नेमकी गालातल्या गालात हसायची. तिचं काळीज दगडाचं आहे असं मी एकदा तुम्हाला पत्रातून कळवलंही होतं. ते पत्र सापडलं तर फाडून टाका.

तर गेल्या वर्षी एका रेकॉर्ड कंपनीचे मालक दुकानात आले. (गृहस्थ सज्जन आहेत, पण बोलताना सतत पट्टा वर ओढतात, त्यामुळे आपणच कुठे घसरतोय असं वाटत राहतं.) जुन्या ब्लूजच्या आणि जॅझच्या रेकॉर्डी स्वच्छ करून, खरखर काढून, नव्या व्हायनलच्या तबकड्यांवर उतरवायच्या आणि चार तबकड्यांचा देखणा संच काढायचा, असा त्यांचा बेत होता. तीन तबकड्यांवर पियानो, कॉर्नेट आणि क्लॅरिनेटवाली जॅझची मंडळी, आणि चौथीवर आपले खर्जबुवा, कारण त्यांच्या या तीन रेकॉर्डी माझ्याशिवाय कोणाकडेच सापडल्या नाहीत. सोबतची पुस्तिका मी लिहावी असं त्यांनी म्हणताच मी इतक्या लगेच होकार दिला की मालकांनाच संकोच वाटला. चोवीस पानं लिहिली, दादा. नाव दिलं ‘पुरुषाचं रडणं’. खाणीतल्या दगडांवर पाच पानं, बायकोच्या मृत्यूवर चार (‘असं मानलं जातं’ असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही आणि मी मानतो), आणि एकट्या हुंदक्यावर तीन. ‘असा हुंदका फक्त बापाच्या छातीतून निघतो’ हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी दोनदा घातलं.

छापण्याआधीची प्रत दाखवायला मालक घरी आले. खोका तयार होता, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘पुरुषाचं रडणं’. तुमची बहीण चहा घेऊन आली, तिने ते वाचलं आणि मालकांना अगदी साध्या आवाजात सांगितलं की हे छापू नका, ती बाई आहे. आणि मी, दादा, पाहुण्यासमोर म्हणालो, “हिला गाण्यातलं काय कळतं, ही नुसती नंबर जोडायची.” मालक हसले. मीही हसलो. तिने कप नीट, दांड्या आमच्याकडे वळवून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तुमच्या गुडघ्याची फार काळजी वाटायला लागली.

मी म्हटलं, येईल चार दिवसांनी. खोके आणि पुस्तिका छापून झाल्या. (छापखाना रिकामा होता म्हणून मालकांनी गाणं साफ व्हायच्या आधीच कागद छापून घेतला. पाळणा आधी आणि बाळ मागून.) परवा खर्जबुवांना साफ करायचा दिवस उजाडला आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत गेलो. छोटीशी खोली, भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते, टेबलावर अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. हे काम करणाऱ्या बाई चष्मा डोक्यावर ठेवतात आणि तोच शोधत असतात. बोलणं फार कमी. मी त्यांना हुंदक्याबद्दल समजावून सांगत होतो, त्या माझ्याकडे न बघता पडद्यावरच्या एका बारीक रेघेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या की गुणगुण खाली आहे.

मला वाटलं पंख्याबद्दल बोलतायत. तसं नव्हतं. जिथे रेकॉर्ड भरली त्या खोलीत विजेच्या तारा होत्या, आणि विजेची एक बारीक गुणगुण असते, ती गाण्याबरोबर रेकॉर्डमध्ये उतरते. साफ करताना ती काढून टाकायची असते, पण काढायच्या आधी या बाई ती मोजतात. तिथली वीज कुठल्या सुरात गुणगुणते हे ठरलेलं असतं, तो सूर कोणा गवयाच्या मर्जीने वरखाली होत नाही. आणि खर्जबुवांच्या मागची वीज जवळजवळ पाचव्या हिश्श्याने खाली गुणगुणत होती. मी तत्काळ माझ्या चाकाची बाजू घेतली. स्टॉपवॉच, खडू, महिन्याचा पहिला रविवार, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमचं चाक बरोबरच आहे हो. ज्याने रेकॉर्ड भरली, त्याचं जोरात पळत होतं, म्हणून तुमच्याकडे ती सावकाश लागते. लेबलावरचा आकडा नुसता छापलेला आहे.”

आणि त्यांनी एक बटण फिरवलं.

दादा, बसला आहात ना? खर्जबुवा वर यायला लागले. खाणीतून माणूस वर काढावा तसा तो आवाज वर आला, घोगरेपणा गळून पडला, दगड गेले, दाढी गेली (दाढी मी सातव्या पानावर दिलेली आहे), आणि त्या खोलीत एक बाई गायला लागली. तरुण. खणखणीत. गिटारसुद्धा रडत नव्हती, चांगली ठुमकत चालली होती. मालकांनी पट्टा सोडून दिला. मी म्हणालो की काहीतरी चुकतंय, पुन्हा लावा, आणि त्यांनी पुन्हा लावलं तर पुन्हा बाईच. मग गाणं संपलं, गिटार थांबली आणि आपला हुंदका आला.

ती हसतेय, दादा. हुंदका नाहीच तो. गाणं संपल्यावर कोणीतरी तिच्याकडे बघून काहीतरी वेडंवाकडं केलं असणार, आणि तिला आवरलं नाही, ती पोट धरून हसतेय. आपण दोघं एकतीस वर्षं एका बाईच्या हसण्याला रडत होतो. मी तिथेच घसरलो. स्टुडिओच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं की याआधी हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं का. मी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे. दोघांनाही तो चहाचा ट्रे दिसत होता. मी पाणी प्यायलो आणि ‘नाही’ म्हणालो. एवढं झाल्यावरसुद्धा मी ‘नाही’ म्हणालो. याची मला त्या हसण्यापेक्षा जास्त लाज वाटते.

मालक शहाणे निघाले. चिडले नाहीत. सोनेरी अक्षरांवर चिकटपट्टी लावू, पुस्तिका रद्दीत घालू, आणि बाईंना त्यांच्या खऱ्या वेगात लोकांसमोर आणू, असं म्हणाले. पंधरा दिवसांत नवी पुस्तिका हवी. छापलेल्या जुन्या पुस्तिकांचे गठ्ठे सध्या आमच्या पुढच्या खोलीत आहेत. मी त्यांना वळसा घालून दाराशी जातो.

तर अशी हकिगत. तुम्हीही यात अर्धे भागीदार आहात म्हणून कळवणं माझं कर्तव्य होतं. खाण तुमची, दाढी माझी. बाकी इकडे सर्व ठीक. दूध उतू जाणं सोडलं तर घरात विशेष काही घडत नाही. गुडघ्याला जपा, वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा
(अजून तरी)

ता. क. एक किरकोळ काम होतं. नवी पुस्तिका तुमच्या बहिणीने लिहावी अशी कंपनीच्या मालकांची फार इच्छा आहे. एक्स्चेंजमध्ये आवाज ओळखायचा सराव झालेलं माणूस हवं, असं ते म्हणाले. त्यासाठी तिला लवकर परत यावं लागेल. माझा यात काही संबंध नाही. तुम्ही सहज विषय काढा.

दुसरा ता. क. वरचं खोटं आहे. मालकांनी पुस्तिका मलाच सांगितली आहे. दोन दिवस लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, ‘ती बाई आहे’, आणि ते माझं नाही हे लक्षात आल्यावर पुढे लिहिता येईना. आज सकाळी स्टुडिओत जाऊन त्या बाईंना सांगितलं की एकीच्या लक्षात आलं होतं, माझ्या बायकोच्या, एकतीस वर्षांपूर्वी, दारात उभ्याने. आणि परवा मी त्यांच्याशी खोटं बोललो, हेही. मालकही तिथेच होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मालकांची इच्छा आता खरोखरच तशी आहे.

तिसरा ता. क. आणि हे तुम्ही तिला वाचून दाखवा, बाकीचं पत्र नाही दाखवलंत तरी चालेल. या एकोणीस दिवसांत तुमच्याकडे चार फोन आले आणि पलीकडून कोणी न बोलताच बंद झाले, ते माझे होते. तुम्हाला चुकीचे नंबर वाटले असतील. तिला वाटले नाहीत. चौथ्या वेळी ती ‘हॅलो’ म्हणालीच नाही. थोडा वेळ माझा श्वास ऐकत राहिली आणि म्हणाली, “जेवला नाहीत ना अजून?” चोवीस पानं लिहिणाऱ्या माणसाला एक शब्द सुचला नाही आणि मी फोन ठेवून दिला. तो शब्द आता लिहितो. चुकलो. रविवारी सकाळी दहा वाजता पुन्हा फोन करतो, तिलाच उचलू द्या. मी जेवलो नव्हतो.