कॅप्टन रेवा आणि माझी सही

४ नोव्हेंबर, सकाळी ८

कोंडाआत्या एकदा म्हणाली होती, भित्र्या माणसानं आधी कडी लावावी, मग शूर व्हावं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि पलंगाखाली होते. आज हे आठवायचं काही कारण नाही. आता मी भीत नाही. अंतराळातल्या लढायांची अकरा पुस्तकं लिहिलीत मी. ‘तारादळ’ मालिका.

बारावं आजपासून. लातूरहून प्रकाशक शिवशंकरभाऊंचा फोन. म्हणाले, मॅडम, अकरा पुस्तकांत एकही माणूस मेला नाही, पोरं हसायला लागलीत. आता खरं युद्ध पाहिजे. तुमची नायिका कॅप्टन रेवा गेली पाहिजे. मी म्हटलं, अवश्य. प्रोफेशनल आहे मी.

संकल्प: रोज हजार शब्द. महिनाअखेर रेवा खलास.

लेक समीक्षानं टेबलावर एक कागद ठेवलाय. लष्करी पोलिसांच्या भरतीची लेखी परीक्षा पास झालीय ती. मैदानी चाचणीला पुण्याला जायचंय. अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी, म्हणून आईबापांच्या सह्या हव्यात. धम्मानंदनं रेल्वे ऑफिसला निघताना, एक बूट पायात असताना, करून टाकली. मी उद्या करीन. चांगल्या पेननं.

६ नोव्हेंबर

पेन सापडलं. कागद सापडत नाही. मीच नीट ठेवला होता.

९ नोव्हेंबर

कागद समीक्षाला तांदळाच्या डब्यात सापडला. म्हणाली, मम्मी, कीड लागू नये म्हणून ठेवला होता का? मी म्हटलं, डोक्यात कादंबरी असली की असं होतं. खरंच होतं.

शब्द: एकशे दहा. रेवाचं यान शत्रूच्या कक्षेत शिरलंय. छातीत धडधडतंय. रेवाच्या.

११ नोव्हेंबर, दुपारी

नरसिंगमामा प्रकरणं घेऊन आले. देवणीचे, रिटायर्ड सुभेदार, मागच्या गल्लीत राहतात. सकाळी समीक्षाला ग्राउंडवर पळवतात, दुपारी माझं युद्ध तपासतात. म्हणाले, ताई, ही लढाई हाय का हळदीकुंकू? गेले एकशे चौऱ्याऐंशी आन् आले एकशे ब्याण्णव!

मी समजावलं, शत्रूचे आठजण शरण आले. बाहेर थंडी होती. त्यांना आत घेतलं.

मामांनी पंखा वाढवायला सांगितला.

१३ नोव्हेंबर

पेपर बंद केला. रद्दी फार साठते. सरहद्दीच्या बातम्यांशी याचा संबंध नाही. बातम्या मोबाइलवर बघतेच आहे, दर वीस मिनिटांनी. रिसर्च.

समीक्षाला रोज लोणी लावून चार धपाटे. ताकद येते. आज मामा दारातूनच ओरडले, ताई, पोरगी पळवायची हाय का लोळवायची? कालच्यापेक्षा अर्धं मिनिट मागं पडली! मी समीक्षाला पाचवा धपाटा वाढला.

१६ नोव्हेंबर

आज शेवटची तारीख. समीक्षा पेन उघडून समोर उभी. म्हणाली, सहावीत असल्यापासून तू मला रेवासारखी वेणी घालून दिलीस. रेवासारखं हो, रेवासारखं हो. आता झाले, तर तुलाच नको?

मी म्हटलं, नको कशाला? मी तर कधीची तयार आहे.

सही केली. सही बँकेतल्यासारखी आली नाही, एवढंच.

१९ डिसेंबर

निवड झाली. पेढे वाटले. ती पुण्याच्या चाचणीत पडावी असं मी एकदाही म्हटलं नाही. मनात आलं असेल तर मनावर कुणाचा ताबा असतो?

रेवा अजून जिवंत. शिवशंकरभाऊंना कळवलं, प्रेताच्या वर्णनासाठी वैद्यकीय संदर्भ गोळा करतेय.

१२ जानेवारी

रेवाचं मरण लिहिलं! साडेचार पानं. मरता मरता ती तारादळाला उद्देशून भाषण करते. स्वतःच वाचून स्वतःच रडले. उत्तम उतरलंय.

१३ जानेवारी, संध्याकाळी

मामांनी वाचलं. हसले नाहीत. चहा घेता घेता म्हणाले, आमच्याबरोबर एक बजरंग होता. भाषण न्हाई केलं त्यानं. चहाचा मग खाली ठेवायला वाकला, तसाच गेला. चहा सांडला बी न्हाई. मी लई दिवस त्या मगाकडं बघत होतो.

समीक्षा दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला विनाकारण दूध आणायला पाठवलं. घरात दोन लिटर होतं.

२ फेब्रुवारी

साडेचार पानं फाडली. आता रेवा चार ओळींत जाते. हातातली वाटी खाली ठेवते आणि उठत नाही.

समीक्षानं वाचलं. म्हणाली, मम्मी, बारा पुस्तकांत पहिल्यांदा खरं लिहिलंस. मग मला मागून मिठी मारली, बराच वेळ. मी म्हटलं, सोड, फोडणी जळतेय. गॅस बंद होता.

दुपारी कादंबरी लातूरला पाठवून दिली. एकदम हलकं वाटतंय. भीती म्हणजे काय, सवयीचा भाग. संपली.

१० फेब्रुवारी

उद्या तिची गाडी. बंगळुरूला, ट्रेनिंगला. ठरवलंय: रडायचं नाही. प्लॅटफॉर्मवर एकच वाक्य, हसून. “समीक्षा, मला तुझा अभिमान वाटतो.” आरशासमोर सहा वेळा म्हणून बघितलं. चारदा जमलं.

११ फेब्रुवारी

प्लॅटफॉर्मवर धम्मानंद ‘जय भीम बेटा’ म्हणाला, मामांनी सॅल्यूट केला. मी पाण्याची बाटली द्यायला डब्यात चढले. गाडी सुटली तेव्हा आतच होते.

पुढच्या पूर्णा स्टेशनापर्यंत तिच्या शेजारी बसले. वाक्य आठवलं नाही. म्हणाले, केस कापतील का गं? ती म्हणाली, हाव. पूर्णेला तिनंच हाताला धरून उतरवलं. खिडकीतून म्हणाली, मम्मी, पप्पा येईपर्यंत बाकड्यावरून उठू नको.

उठले नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ६

तिचा मोबाइल ट्रेनिंग सेंटरात जमा झालाय. आता त्यांनी दिला तरच बोलणं. काल दुपारी आमटी वाढून घेतली, वाटी टेबलावर ठेवली, आणि पुन्हा उचलता येईना. धम्मानंदनं विचारलं, काय झालं? म्हटलं, गरम आहे.

शिवशंकरभाऊंचा मेसेज: मॅडम, जबरदस्त! छपाई सुरू केली.

त्यांना लिहायचा मेसेज आधी इथं लिहून बघते. ते नाही म्हणतील. शेवटच्या पानांचा ताव छापून झाला असेल, तो पुन्हा कोण लावणार? शिवाय मरण त्यांनाच हवं होतं आणि मी अवश्य म्हटलं होतं. तरी.

‘शिवशंकरभाऊ, नमस्कार. शेवटच्या पानावर खाली थोडी जागा आहे. तिथं एकच ओळ घालता येईल का? “रेवाचा श्वास चालू होता.” मोठ्या टायपात नको. कुणाला दिसली नाही तरी चालेल. — उज्वला’