आई, तो मासा मी पिशवीत लपवला होता

प्रिय आई,

‘तीर्थस्वरूप’ लिहायला घेतलं होतं, पण त्या शब्दाच्या आड लपता येतं, म्हणून खोडलं. लपवणं मला फार चांगलं जमतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आज शुक्रवार. सकाळी आम्ही तिघं मस्कतबाहेर सीबच्या बंदराजवळच्या दगडांवर गेलो होतो. तुम्ही गेल्यापासून हे फार बोलत नाहीत. आज पहाटे उठून माळ्यावरची तुमची मासे पकडायची गरी काढली, लाकडी फळीवर गुंडाळलेली. म्हणाले, “चला, आईच्या जागी जाऊन येऊ.” गार्गीनं गुलाबी टोपी घातली. मी देवाला दिवा लावला आणि निघाले.

तो म्हातारा ओमानी अजून तिथंच बसतो, आई! त्याच दगडावर, तीच चौकटीची लुंगी. मला बघून त्यानं विचारलं, “अम्मा किधर?”

माझ्या तोंडून काय निघालं सांगू? “अम्मा खलास.” पाणी संपलं, गॅस संपला की आपण म्हणतो ना इथे, तसं! तुमच्याबद्दल. त्यानं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, दुवा मागितली असावी. मग माझ्याकडे नीट पाहिलं. ती नजर मी ओळखते, आई. त्या दिवशीही त्यानं तसंच पाहिलं होतं. त्यानं पाहिलं होतं आणि तुम्ही पाहिलं नव्हतं.

म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही आमच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलात तेव्हा थंडी ओसरत आली होती. मला वाटलं होतं, सासूबाई येतील, पोथी ऐकतील, मस्कतच्या महादेवाला नेऊ. आणि तुम्ही चौथ्या दिवशी ह्यांना विचारलंत, “हंय गरवूक खंय गावता रे?” मी घाटावरची. मला ‘गरवणं’ म्हणजे गरी टाकून मासे पकडणं हेसुद्धा लग्नानंतर कळलं. नऊवारी खोचून, हातात दोर धरून तुम्ही दगडावर बसलात आणि मी गाडीत तोंड लपवून बसले. वाटलं, इथल्या मराठी मंडळातलं कुणी फिरायला आलं नसेल ना?

पण मासे असे यायचे! शेरी, तांबोशी आणि आपला गोबरा, ज्याला इथे हामूर म्हणतात. बाजारात त्याच्या भावाला हात लावायची सोय नाही. दुसऱ्या शुक्रवारी मी गाडीतून उतरले, पिशवी घेऊन. हो, पिशवीसाठीच उतरले.

आणि तुम्ही काय केलंत? आलेला मासा डाव्या हातात धरलात, उजवा अंगठा त्याच्या पोटावरून अलगद फिरवलात आणि दिला सोडून! वर त्याच्याशी बोलत होतात, “जा गो बाये, बाळंत होऊन ये.”

“अहो आई, चांगला दोन किलोचा होता!”

“होती,” तुम्ही म्हणालात. “गाभोळी आसा पोटात. ह्या दिवसांत तिका ठेवची नाय.”

लहान मासा आला, सोडला. गाभोळीची, अंड्यांनी भरलेली मादी आली, सोडली. पाच मासे आले की पिशवीत दोन. माझा जीव नुसता वरखाली! भाजीचं पाणीसुद्धा मी आमटीत घालते, आणि डोळ्यांसमोर अन्न समुद्रात जातंय. एकदा तुम्ही म्हणालात, “ये, अंगठो लाव. तुका दाखवतंय.” मी म्हणाले, “नको बाई, हाताला वास येतो.” म्हातारा ओमानी हसला होता. तुम्हीही हसलात. का हसलात, आई? रागवायचं होतं ना मला.

मग तो शुक्रवार आला. दुपारी मंडळातली दोन कुटुंबं जेवायला येणार होती. मी महिनाभर सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे सासूबाईंच्या हातचा ताजा मासा असतो म्हणून. आणि त्या दिवशी समुद्र रुसलेला. दोन शेऱ्या मिळाल्या, तळहाताएवढ्या, त्या तुम्ही सोडल्यात. ऊन चढायला लागलं. मग दोर ताणला गेला आणि गोबरा आला. केवढा! अडीच किलोच्या खाली नव्हता.

तुम्ही अंगठा फिरवलात. मी देवाचं नाव घेत होते. खरंच सांगते, मी मनात दत्ताचा धावा करत होते की नसू दे गाभोळी.

“सोड गो तिका. पोटुशी आसा.”

तुमचा गुडघा दुखत होता, म्हणून मासा माझ्या हातात दिलात. मी पाण्याशी गेले. तुमच्याकडे पाठ केली. मासा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला, आणि एक दगड उचलून पाण्यात टाकला. डुबूक!

मागून तुमचा आवाज आला, “गेली?”

“गेली,” मी म्हणाले.

फडक्यात ती फडफडत होती. म्हातारा ओमानी माझ्याकडे बघत होता.

हे गाडीपाशी होते; ह्यांना मी सांगितलं, आईंनी हा ठेवलाय. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात साफ केला. पोटातून दोन्ही बाजूंची पिवळी गाभोळी निघाली, वाटीभर. आई, ती मी केराच्या पिशवीत टाकली असती, तर कदाचित कुणाला काही कळलं नसतं. पण टाकवेना! माझ्यासारखीला अन्न टाकवत नाही. हळद-मीठ लावलं, रव्यात घोळवून तळली आणि ताटात मधोमध मांडली. माझ्या काटकसरीनंच माझी चोरी उघडी केली.

पाहुण्यांतल्या कदमवहिनी म्हणाल्या, “अय्या, गाभोळी! काकू, तुम्ही पकडलात हा?”

आणि मी तुमच्याआधी बोलले. “हो तर! आईंनीच निवडून ठेवला. म्हणाल्या, पाहुण्यांना हाच घाल.”

तुम्ही ताटाकडे पाहिलंत. मग कालवणाच्या पातेल्याकडे. माशाचं डोकं वरच होतं, आणि ओठाजवळ तुमच्या गरीनं फाटलेली खूण. मग माझ्याकडे पाहिलंत. मी पोळ्या मोजत असल्यासारखं केलं.

“होय,” तुम्ही म्हणालात. “मीयाच ठेवलंय.”

एवढंच. मग दहीभात मागितलात. भूक नाही म्हणालात. कदमवहिनी बोटं चाटत होत्या आणि मला घास गिळवत नव्हता, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण ते खोटं होईल. मी गाभोळी खाल्ली, आई. दोन तुकडे. चवीनं खाल्ली. हिशेबाच्या वहीत त्या दिवसापुढे ‘मासा घरचा’ असं लिहिलंही.

त्यानंतर तुम्ही दगडांवर गेला नाहीत. गुडघा, म्हणालात. मला सुटल्यासारखं झालं. तुम्ही एकदा तरी विचाराल, मी रडेन, पाया पडेन, विषय संपेल, अशी वाट बघत मी उरलेले दिवस काढले. तुम्ही विचारलंच नाहीत. विमानतळावर मी वाकले तर डोक्यावर हात ठेवून म्हणालात, “बरा होतला.” काय बरं होणार, मी विचारलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला त्याबद्दल विचारायची. तुम्ही तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला काही पडलेलीच नाही!

मग फोनवर कळलं, तुम्ही मासे खायचं सोडलंत. ह्यांना धक्काच बसला. मासा नसला की तुमच्या घशाखाली भात उतरायचा नाही. तुम्ही म्हणालात, “दात गेले रे, काटे लागतत.” आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझ्या संगतीचा गुण! रोज पोथी ऐकवली, गुरुवार पाळायला लावले, तेव्हा कुठे मन वळलं. त्या शुक्रवारची आठवण मी कधीच कपाटाच्या तळाशी सारली होती.

दीड वर्षानं गार्गी झाली. बारसं गावी केलं. त्या दिवशी मागच्या दारी माशाचा वास येत होता. मी वन्संना म्हणाले, “आज बारशाच्या दिवशी कुणी मासा आणला?” त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी थांबते कुठे! ओटीवर पंचवीस-तीस बायका होत्या. कुणीतरी म्हणालं, “काकी बारीक झाल्यात.” मी म्हणाले, “मासे सोडलेत ना त्यांनी. तीन महिने माझ्याजवळ राहिल्या, देवाधर्माची गोडी लागली.” बायका कौतुकानं बघत होत्या. तुम्ही पाळण्याची दोरी धरून उभ्या होतात. मान हलवलीत, हो म्हणून.

आई, किती वेळा ‘हो’ म्हणालात हो माझ्यासाठी?

या माघात तुम्ही गेलात. तेराव्यानंतर तिखटाचं, म्हणजे मासळीचं जेवण होतं, तुमच्या नावाचं पान वाढायचं होतं. वन्सं तळलेला मासा घेऊन आल्या आणि मी त्यांचा हात धरला. म्हणाले, “मासा नको, वन्सं. आई सोडून होत्या. त्यांचं व्रत मोडू नका.”

वन्संनी मासा परत ठेवला. मग मला मागच्या दारी नेलं.

“वहिनी, तुला खरंच माहीत नाही?” त्या म्हणाल्या. “आईनं नवस केला होता. तुझी ओटी भरेपर्यंत पोटुश्या मासळीला गरीवरून सोडायचं, एक ठेवायची नाही. तिकडे मस्कतला काहीतरी चुकलं म्हणाली. ‘माझ्या हातून एक मादी ठेवली गेली,’ म्हणाली. म्हणून मासा खाणंच सोडलं, मूल होईपर्यंत. बारशाच्या दिवशी नवस फिटला. मी गोबरा आणून ठेवला होता गं तिच्यासाठी! दीड वर्षानं खाणार होती. आणि तू ओटीवर सगळ्यांना सांगितलंस, तुझ्यामुळे तिनं सोडले. मला म्हणाली, ‘तो मासो शेजारणीक देऊन ये. सुनेचा शब्द खाली पडाक नको.’ मग खाल्लाच नाही तिनं कधी.”

माझ्या हातून, असं म्हणालात तुम्ही. माझ्या हातून!

मी तिथंच सांगायला हवं होतं की तो हात माझा होता. वन्सं रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिले. पानावर मासा वाढला गेला नाही. तिखटाच्या दिवशीही तुम्ही वरणभातावर गेलात, आई, आणि तेही माझ्यामुळे.

का नाही सांगितलंत? “लता, हा नवस तुझ्यासाठी आहे,” एवढं त्या दगडांवर म्हणाला असता, तर मी त्या मादीला पदरात घालून समुद्रात सोडलं असतं. पण नको. हा दोषही मी तुमच्यावरच टाकतेय. सांगितल्याशिवाय मला सोडता येत नव्हतं, हीच तर लाज आहे. मी इतके उपास केले, इतक्या देवळांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि ज्या उपासानं माझ्या घरात पाळणा हलला, त्याच्या मानाची शाल मी ओटीवर बसून स्वतःच पांघरून घेतली.

आज ह्यांना गोबरा लागला. गार्गी नाचायला लागली. “मम्मा, ह्याला कीप करायचं?” चार वर्षांची आहे, अर्धं इंग्रजी बोलते, तुम्ही असता तर हसला असता.

मी मासा हातात घेतला. अंगठा पोटावर फिरवला. काही कळेना! तुम्ही शिकवत होतात तेव्हा मला वास येत होता ना. मी तशीच त्या म्हाताऱ्याकडे गेले आणि मासा पुढे केला. त्यानं एक बोट लावलं आणि म्हणाला, “पेट में बच्चा है.” मग माझाच अंगठा धरून त्या जागी टेकवला. आत दोन्ही बाजूंना काहीतरी भरलेलं, मऊ, जड. अस्सं असतं होय, आई?

मी पाण्यात उतरले. साडी भिजली. दोन्ही हातांनी सोडला. क्षणभर तिथंच हलला, मग गेला. मागे वळून पाहिलं तर म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता, रिकाम्या. त्यानं मान हलवली.

गार्गीनं विचारलं, “थ्रो का केला?” मी सांगितलं, “तुझ्या आजीनं सांगितलंय.” ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पण दगडांवर मला पुढचं बोलता आलं नाही.

मी मासे खाणं सोडायचं मनात आणलं होतं. तुमच्यासाठी, प्रायश्चित्त म्हणून. पण मला मी ओळखते. महिन्याभरात मंडळात सांगत सुटेन. तेव्हा ते नाही.

मी एवढं करीन. हे पत्र देवापुढे ठेवणार नाही, तिथे कुणी वाचत नाही. ह्यांच्या हातात देईन, आजच. मग वन्संना फोन करीन आणि सांगेन, ती मादी कुणी ठेवली. कदमवहिनींना जेवायला बोलवीन आणि त्याच टेबलावर सांगेन. त्या काय म्हणतील ते म्हणू देत.

दर शुक्रवारी म्हाताऱ्याकडून शिकेन. एकटीला ओळखता येईपर्यंत शिकेन, मग गार्गीला शिकवीन. हाताला वास येऊ दे.

आणि वर्षश्राद्धाला गावी येऊ तेव्हा तिखटाचं पान मी वाढीन. खाडीवर वन्संबरोबर जाईन, गरवीन, माझ्या अंगठ्यानं पोट चाचपीन. भरलेली असेल तिला सोडीन, बाळंत होऊन ये म्हणेन. रिकाम्या पोटाचा गोबरा तेवढा ठेवीन. तो तळून तुमच्या पानावर वाढीन, आई. कुणी विचारलंच की हा कुणी ठेवला, तर तुमचं नाव घेणार नाही.

मी ठेवला, म्हणेन.

हाताला अजून माशाचा वास असलेली,
तुमची सून
लता