होडीतला बाप्तिस्मा

आदरणीय बिशपसाहेब,

मागच्या हिवाळ्यात आमच्या बेटाच्या खडकावर प्रवासी जहाज फुटलं. देवाच्या दयेने सगळे वाचले. मी आणि म्हातारा स्तामातिस, आम्ही होडीत घेतलेल्यांत फोतिनी नावाची विधवा होती, आणि तिची दहा दिवसांची मुलगी, काळीनिळी पडलेली. बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये म्हणून, मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही देऊ शकतो तो हवेतला बाप्तिस्मा मी तिला दिला: रीतीप्रमाणे तीनदा हवेत उचललं. पोर जगली. मायलेकी इथेच राहिल्या.

आता मला फोतिनीशी लग्न करायचंय, पण त्या बाप्तिस्म्याने मी पोरीचा धर्मपिता झालो, आणि धर्मपित्याला मुलीच्या आईशी लग्न करता येत नाही. तुमची परवानगी मागायला आज बेकरीत हे पत्र लिहायला बसलो, तर स्तामातिस डोकावला.

"तीनदा कुठे? दोनदाच उचललीस. मग लाट आली आणि तू माझ्या मांडीवर आपटलास, गाढवा. बाप्तिस्मा अर्धाच राहिला."

फोतिनी पाव रचत होती. तिने मान वर केली नाही.

"मीही मोजत होते," ती म्हणाली. "दोनच."

रविवारी चर्चमध्ये पोरीचा रीतसर बाप्तिस्मा, धर्मपिता स्तामातिस. पुढच्या रविवारी आमचं लग्न. मला अजून तीनच आठवतात, पण दोन साक्षीदारांपुढे माझं एकट्याचं कोण ऐकणार? तेव्हा हे पत्र काही टपालात पडत नाही.

आपला आज्ञाधारक, जमेल तितका,
पांदेलीस बेकरीवाला