प्लेट आणि बोल्ट

तंजावूर,
सोमवार, 9 फेब्रुवारी 2026

प्रिय महालक्ष्मी अक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार, कीर्तनाला आशीर्वाद. मी बरी आहे, ऑफिस नेहमीसारखंच, ऊन आताच तापायला लागलंय. लग्नाची पत्रिका सुरेख झाली आहे. माझं नाव शेवटून दुसरं आलंय, चालायचंच.

शनिवारपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून कागद घेतला. मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. अप्पांनी मारून मुटकून आपल्या दोघींना ही अक्षरं शिकवली, आणि तिरुवैयारूच्या तुमच्या घरात ती तुझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. भावोजींनी पत्र उघडलं तरी त्यांना तारीख तेवढी कळेल.

आता ऊंजल. पुन्हा तेच, म्हणशील. हो, पुन्हा तेच! पुढच्या आठवड्यात त्या झोपाळ्यावर कीर्तना आणि जावई बसणार, तुम्ही सवाष्णी गाणी म्हणत झोके देणार, आणि छताला जे ठोकलं होतं ते त्यांच्या डोक्यावर येणार होतं. "होतं" का म्हणते ते पुढे सांगते. आधी मला पोटभर चिडू दे.

भावोजींना मी मेसेज काय केला होता? "जाड प्लेट आणि बोल्ट, स्लॅबच्या आरपार." त्यांना वाचता यावं म्हणून भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ, आपल्याकडे सगळे लिहितात तसं. त्यांनी तो मेसेज जसाच्या तसा वेल्डिंगवाल्या सतीशकुमारकडे ढकलला. त्या तमिळ माणसाला आपली मराठी कुठून कळणार? कळले ते शब्द त्याने उचलले. प्लेट, आणि, बोल्ट. तमिळमध्ये आणि म्हणजे खिळा! त्याने खिळा-बोल्ट मारले. फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना हातोडीने ठोकतात, ते. तरी त्याने फोन करून विचारलं होतं, "सार, आणि-बोल्टच ना?" भावोजी म्हणाले, "आमां, आमां, लिहिलंय तसंच." आपल्या मराठी लोकांनी साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात काढली आणि आपण आपटलो कशावर, तर एका "आणि"वर.

शनिवारी तुमच्याकडे आले, वर पाहिलं, तर खिळे. मी बोलायला लागले तर भावोजी पानाला चुना लावत म्हणाले, "अगो सुप्रभा, दोघांचं वजन दीडशे. फळी, साखळ्या पन्नास. ब्रॅकेट दोन, बोल्ट आठ. येकाला पंचवीस किलो. येवढं बाजारची पिशवी पेलत्ये!"

अक्का, वीस वर्षं मी हेच काम करते. लोखंड कुठे ताणलं जातं, किती ताणलं जातं, कुठे तुटेल. आणि वीस वर्षं कुणीतरी मला भागाकार शिकवतं! भार बोल्टांत सारखा वाटला जात नाही. साखळी ब्रॅकेटच्या मधोमध नाही, पुढच्या ओठाला अडकवली आहे. म्हणजे पुढचे दोन बोल्ट जवळजवळ सगळं ओझं घेतात आणि मागचे दोन शोभेला. वर झोका. झोक्यात वजन वाढतं, आणि आपल्या बायका काही हळू ढकलणाऱ्या नव्हेत. फळीच्या कडेला दोन-तीन पोरं चढतातच. शिवाय सतीशकुमारला मिळालेली प्लेट पातळ. ती ओढली की वाकते, तिची मागची कड छतावर रेटते आणि पहारीसारखी उचकून बोल्टालाच बाहेर काढते. म्हणजे टांगलंय त्याहून जास्त ओढ बोल्टावर येते. हे सगळं धरलं तर भावोजींचे पंचवीस किलो दीडशेच्या घरात जातात. आणि ठोकलेला खिळा आडवा भार घेईल, पण सरळ खाली ओढला तर जसा आत गेला तसाच बाहेर येतो.

एवढं मी सांगितलं. व्याह्यांची माणसं कॉफी पीत बसली होती. तू स्वयंपाकघराच्या दारातून काय म्हणालीस, आठवतं? "पुरे कर, सुप्रभा. तुला हा ऊंजल बघवत नाही, म्हणून बोल्टाला नावं ठेवित्येस. लग्नाच्या दिवशी तूं जरा मागंच बैस."

मी चप्पल घातली आणि बस पकडली.

काल तुम्ही दोघं पत्रिका वाटायला कुंभकोणमला गेलात. मला ते ठाऊक होतं. मी सतीशकुमारला घेऊन तुमच्या घरी आले. दार कीर्तनाने उघडलं, तिला रागवू नकोस. सतीशकुमार वाटेत सारखा कान धरत होता, "अक्का, आणिन्ना आणि दाने?" खिळा म्हटला की खिळाच ना, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पहारीच्या एका हिसक्यात पहिला खिळा निघाला. कीर्तना तो हातात धरून बराच वेळ पाहत राहिली.

आता जाड प्लेटी आहेत, साखळी बरोबर मध्यावर आहे आणि बोल्ट स्लॅबच्या आरपार गेले आहेत, वर गच्चीत मोठी प्लेट घालून. भावोजींच्या नव्या फरशांना भोकं पडली. बुजवली आहेत, गळणार नाहीत. ते ओरडतील, ओरडू देत.

मग लग्नासाठी आणलेल्या तांदळाच्या पोत्यांनी फळी भरली. जेवून येईपर्यंत ती तशीच ठेवली. काही हललं नाही. पण पोती झोका घेत नाहीत, अक्का. कुणीतरी बसायला हवं होतं. सतीशकुमारने हात जोडले, कल्याणाच्या, म्हणजे लग्नाच्या, ऊंजलावर मी कसा बसू म्हणाला. कीर्तना पुढे झाली, "मी बैसतें, मावशी." मी तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं. हिशेब माझा होता. तो चुकला असता तर पडायचं मी, तिने नाही.

मी बसले. होय, मी. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली बाई, नव्या नवरीच्या ऊंजलावर, नवरीच्या आधी.

कीर्तनाने झोका दिला. सतीशकुमार शिडीवर टॉर्च घेऊन प्लेटीची कड पाहत होता. "हलली नाही अक्का, इरंगुंगो," उतरा म्हणाला. मला उतरवेना. आमच्या लग्नात प्रद्युम्नचे लांब पाय जमिनीला घासत होते आणि सगळ्यांत मोठ्याने तू हसत होतीस. मी रडले. कीर्तना झोका देत राहिली.

तर तुझं म्हणणं खोटं नव्हतं. मला तो ऊंजल बघवत नव्हता. छताला टांगलेला पाहिला तेव्हाच पाय थबकले होते, खिळे दिसण्याच्याही आधी. पण म्हणून माझा हिशेब खोटा ठरत नाही. मी हसत आले असते तरी ते खिळे निघालेच असते. तू दोन्ही एकत्र बांधलंस, तेही परक्यांसमोर. त्याचा मला फार राग आहे.

कीर्तना म्हणते, अम्माला सांगू नको. सतीशकुमार तर बोलणारच नाही. मी गप्प बसले असते तर तुझा सोहळा सुखाने पार पडला असता. पण मला गप्प बसायचं नाही. तुला भटजींकडून शांत करवून घ्यायची असेल तर घे, फळी धुऊन घे, नवी आण. बोल्टांना मात्र कुणी हात लावू नका.

आणि मला बोलवायचं असेल तर साखळीपाशी उभं राहून झोका द्यायला बोलाव, तुमच्याबरोबर. मागे बसायला मी येणार नाही.

तुझ्या मुलीच्या ऊंजलावर पहिली बसलेली,
सुप्रभा