दाजींचा पाय

शिरूर, २२ जानेवारी १९९८

साखरअक्का,

दोन महिने पत्र नाही, माफ कर. मी कामात नव्हतो, घाबरलो होतो.

दाजी बाभळीवरून पडून दोन महिने झाले होते, तेव्हा मी दौंडला आलो. त्यांच्या तळव्याला बोट लावलं आणि पाय झटक्यानं वर आला. तू ओरडलीस, "बिरू, पाय हलला! व्हय ना रं?" मी म्हणालो, "व्हय, सुधारतंय." दाजी हसले, "मास्तर, चैतात मेंढरांमागं पळतो बघा." मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

अक्का, ती सुधारणा नव्हती. तळव्याचा स्पर्श पाठीच्या कण्यातल्या मज्जेपर्यंत जातो आणि तिथूनच पाय आखडतो. एरवी मेंदू वरून त्याला आवर घालतो. दाजींच्या कण्यात ती वाट तुटली आहे, म्हणून पाय इतका उडतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझा चेहरा पाहून खरं सांगवलं नाही, की मला शहाणा ठरायचं होतं?

आता तुझी लेक प्रगती पत्रात लिहिते, येईल तो पाहुणा तळवा खाजवून पाय उडवून बघतो. घासून टाचेला जखम झाली, दाजींना ती कळतही नाही. पाय सुधारतोय म्हणून दवाखान्यानं दिलेली चाकाची खुर्ची तू परत पाठवलीस.

तुला वाचता येत नाही; हे पत्र पाठवलं तर प्रगतीच ते दाजींसमोर मोठ्यानं वाचेल. तिच्यावर ते ओझं टाकणार नाही, म्हणून हे पाठवत नाही. खोटं मी तोंडानं बोललो, खरंही तोंडानंच सांगेन.

तुझा,
बिरू

उद्या: पहिल्या एसटीनं दौंडला जाणे.