चारसोबीस नंबरचा बिल्ला

रविवार, ८ जून

आज म्युझियममधला एक बिल्ला मी हलवला. चोरला नाही हां, फक्त इकडचा तिकडे.

इथे परदेशात काकांनी म्युझियम केलेली जुनी कोळशाची खाण बघायला नेलं होतं. तिथे कामावर आल्यावर कामगारांनी आपले नंबरचे पितळी बिल्ले लावायच्या दोन फळ्या आहेत. एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. काळ्यांच्या फळीवर नंबर ४२०! मी तो काढून गोऱ्यांच्या फळीवर टांगला. "काका, याच्याखाली उभे राहा, फोटो काढतो. चारसोबीस!"

"गाढवा, परत ठेव आधी!"

तेवढ्यात आमची गाइड आली, सत्तरीची ब्लॅक आजी. बिल्ला बघून थबकलीच. "हा इथे कुणी लावला?"

मी फोन खिशात टाकला.

"हा माझ्या आजोबांचा. फळी बघून काम वाटायचे, काळ्यांना कायम पाणी भरलेल्या बोगद्यात पाठवायचे. एका सकाळी आजोबांनी मुद्दाम बिल्ला या फळीवर लावला. संध्याकाळी कंपनीने दिलेल्या घरातून आमचं सामान रस्त्यावर फेकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या काळ्यांनी आपापले बिल्ले इथेच लावले." तिने डोळे पुसले. "आज कुणीतरी आठवण ठेवली. थँक यू."

आठवण कसली यार! मी नंबरवर हसत होतो. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ती बिल्ल्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आता इथेच राहू दे."



चारसोबीस तर मीच निघालो. सांगायला हवं होतं का? पण तिचं ते बोट...

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर पाया पडतो, कुणाला बोलू नका. त्या आजीला तर अजिबातच नाही.